कुंडलिकेच्या पुलावरील सहप्रवासी

कुंडलिका नदीनें जालना शहराचे जुना व नवा असे दोन भाग केले आहेत. २०२३ सालीं तेथें महानगरपालिका झाली. तरी आगगाडीच्या स्टेशनावरून पलीकडे जाणाऱ्या सामान्य उतारूस शेअर रिक्षाच सोयीची. तिला वेळापत्रक नाहीं. हात दाखवितांच थांबते, जागा भरल्या कीं निघते. भाडें वांटलें गेल्यानें प्रत्येकास हलकें पडतें. सोंवळ्याओंवळ्यांत वाढलेल्या आम्हांस परक्याच्या खांद्यास खांदा लावून बसणें प्रथम अवघड वाटतें खरें. परंतु रात्रीं उतारू थोडे असले म्हणजे परक्याचें मोल कळतें. एकट्यास साऱ्या रिकाम्या जागांचें भाडें भरावें लागतें. दोघे-तिघे अनोळखी जमले, तर तें आपसांत वांटून घेतात आणि रिक्षा हलते. नदीनें दुभागलेलें गांव असें रोज जोडलें जातें. सोंवळें सांभाळून तें जोडलें गेलें नसतें.