पखुर्डीची जागा



वाळवंटात काही नसतं, असं शाळेत आपल्याकडनं घोकून घेतलं. ओसाड. निर्जन. गावकुसाबाहेरच्या जागेलाही गावानं हेच नाव दिलेलं होतं. तिथं आपण राहत होतो. म्हणून 'ओसाड' म्हणणाऱ्यावर माझा भरवसा नाही.

सूतगिरणीत माझ्या शेजारच्या साच्यावर बाडमेरकडचा एक मेघवाल पोरगा आहे. एप्रिलात रजा मिळाली तसे आम्ही तिघं त्याच्या ढाणीकडं निघालो. लॉजला पैसे कुठनं आणायचे? ताडपत्री, दोऱ्या, पाण्याचा कॅन, बस्स. दुपारी ऊन सोसवेना म्हणून माळावर मुक्काम टाकला. एकच खेजडी, तिची चाळणीसारखी सावली. मी खुंटी ठोकाय लागलो तर आठ-दहा पावलांवरचा एक धोंडा उठून पळाला. धोंडा कसला, पाखरू होतं. जमिनीत जरासा खळगा. ना काडी, ना गवत. त्यात तीन अंडी, ठिपक्यांची, मातीच्याच रंगाची.

"भटतीतर," बाडमेरवाला म्हणाला. आपल्या सोलापूर-नगरकडच्या माळावर हिला पखुर्डी म्हणतात.

मादी लांब उभी. आम्ही हाय तोवर परत येईना. तिची सावली गेली की उन्हात अंडी भाजणार. आपण हलू या म्हणालो तर दुसरा जोडीदार भडकला. त्याची झोपडी दोनदा पाडलेली.

"आयुष्यभर लोकांनी उठवलं. आता पाखरासाठी पण आपणच उठायचं व्हय रे?"

प्रश्न खरा होता. हसण्यावारी न्यायचा नव्हता. मी म्हणालो, "गड्या, उठवणाऱ्याकडं दुसरी जागा होती, तरी त्यानं आपल्याला उठवलं. हिला अंडी उचलून नेता येत नाहीत. आपल्याला ताडपत्री नेता येते."

तो काही बोलला नाही. पण पहिली खुंटी त्यानंच उपटली. लांब उघड्यावर जाऊन ताडपत्री डोक्यावर धरून बसलो. मादी धावली, थांबली, परत धावली न् अंड्यांवर बसली. पुन्हा धोंडा झाली.

रात्री बाडमेरवाला म्हणाला, पिल्लं झाली की बाप लांबच्या पाण्यावर जातो, पोटाची पिसं भिजवतो न् उडत येतो. पिल्लं ती पिसं चोखून पाणी पितात. मला थाप वाटली. आल्यावर वाचून काढलं. १८९६ साली मीड-वाल्डो नावाच्या इंग्रजानं हे लिहिलं, तर जाणकारांनाही पटेना. १९६७ साली केड आणि मॅक्लीन यांनी आफ्रिकेतल्या पखुर्डीवर ते पक्कं केलं. २०२३ च्या अभ्यासात पिसांचे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली धरले. कोरडे असताना पीळ पडलेले; भिजले की पीळ सुटतो, तंतू उभे राहतात न् पाणी धरून ठेवतात. एका नराच्या पिसांत सुमारे २५ मिलिलिटर. पीळ म्हणजे काय, हे आम्हा सूतवाल्यांना कुणी शिकवायला नको. आमच्याकडं पीळ बसला की धागा टिकतो. तिथं पीळ सुटला की लेकरू जगतं.

महाडच्या तळ्यावर पाखरांना बंदी नव्हती. माणसांना होती. म्हणून २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना तिथं ओंजळ भरावी लागली. तेव्हा पाखरापासनं धडा घ्या, असलं काही मी सांगणार नाही. पाखराला जात नसते. त्याला आपल्याइतकं लढावं लागत नाही.

सांगायचं ते एवढंच. कुणी एखादी जागा ओसाड ठरवून मोकळी कराय निघाला, की त्याच्या कागदाकडं नंतर बघा. आधी जमिनीकडं बघा. तिथं कोण बसलंय, ते पुष्कळदा धोंड्यासारखं दिसतं.