बाहेर जायला वाट

भातलावणी उरकली की कामरेजच्या आसपासच्या गावांतून तापाचे रुग्ण येऊ लागतात. शेतात साचलेलं पाणी उंदरांच्या मुतानं दूषित होतं आणि अनवाणी पायांच्या भेगांतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू आत शिरतात. दक्षिण गुजरातला हा आजार नव्वदच्या दशकापासून चांगला ठाऊक आहे. बहुतेक जण औषधांनी बरे होतात. काहींची मूत्रपिंडं बंद पडतात आणि त्यांतल्या थोड्यांच्या फुप्फुसांत रक्त झिरपू लागतं. भूलतज्ज्ञ म्हणून अतिदक्षता विभागात माझा संबंध येतो तो या शेवटच्या थोड्यांशी.

व्हेंटिलेटरवरचा असा रुग्ण, अंगात 40 अंश ताप, आणि एबीजीचा, म्हणजे धमनीतल्या रक्ताच्या तपासणीचा कागद: पीएच 7.07, कार्बन डायऑक्साइड 60, बायकार्बोनेट 17. तरुण डॉक्टरचा हात लगेच सोडाबायकार्बकडे जातो. मी विचारते, ‘यातलं मूत्रपिंडाचं किती आणि फुप्फुसाचं किती?’ उत्तर येईपर्यंत इंजेक्शन थांबतं. बायकार्बोनेट आम्लाशी जुळलं की त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं. 100 मिलिइक्विव्हॅलंट पूर्ण जुळलं, तर सव्वादोन लिटरांच्या आसपास वायू तयार होतो. निरोगी माणूस स्वस्थ पडून मिनिटाला साधारण 200 मिलिलिटर तयार करतो, म्हणजे ही दहा-अकरा मिनिटांची भर. चांगलं फुप्फुस ती सहज बाहेर टाकतं. रक्तानं भरलेलं फुप्फुस कुठे टाकणार? मोरी तुंबलेली असताना नळ मोठा सोडण्यातला हा प्रकार आहे.

हा धडा आमच्या शास्त्राला 1952 साली कोपनहेगनमध्ये मिळाला. पोलिओच्या साथीत तिथल्या रुग्णांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेलं दिसे आणि डॉक्टर त्याला अनाकलनीय अल्कलीवाढ समजत. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं सांगितलं की हा साठलेला कार्बन डायऑक्साइड आहे, यांना नीट श्वास मिळत नाही. 27 ऑगस्टला त्यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत नळी घालून हातानं पिशवी दाबत तिला श्वास दिला. मग शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून पिशव्या दाबत बसले. रक्तातलं आम्ल मोजायचं तंत्र पुढे नेलं ते तिथल्याच पोल आस्ट्रुप यांनी. आजचा एबीजीचा कागद त्या परंपरेतला आहे, म्हणून तो वाचताना घाई केलेली मला सहन होत नाही.

मग मोठे श्वास देऊन वायू बाहेर का काढू नये? कारण 2000 सालच्या अमेरिकी अभ्यासानं दाखवलं की उंचीवरून काढलेल्या वजनाच्या दर किलोला 12 ऐवजी 6 मिलिलिटरचा श्वास दिला, तर मृत्यूचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांवरून 31 वर येतं. मोठा श्वास आजारी फुप्फुस फाडतो. थोडा कार्बन डायऑक्साइड चढू द्यावा लागतो.

उरतं ते वायूचं उत्पादन कमी करणं, आणि इथे गारवा कामाला येतो. ताप एका अंशानं चढला की शरीराचा प्राणवायूचा खर्च साधारण 10 टक्क्यांनी वाढतो, त्यासोबत कार्बन डायऑक्साइडही. पण नुसती ओली चादर टाकली तर हुडहुडी भरते आणि स्नायू खर्च कितीतरी पटींनी वाढवतात. म्हणून आधी गुंगी, गरज पडली तर स्नायू शिथिल करणारं औषध, आणि मगच चादर व पंखा. नंदुरबारकडच्या एका मजुराची आई मला विनवत होती, ‘ताई, त्याले थंडी वाजी राहिनी, गोधडी टाका ना.’ मी तिला जवळ बसवून समजावलं: ‘मावशी, त्याच्या अंगातली भट्टी मंद करतोय, म्हणजे त्याला कमी श्वास पुरेल.’ तिनं गोधडी घडी करून मांडीवर ठेवली. त्या विश्वासाचं ओझं मला यंत्रांपेक्षा जास्त वाटतं.

किती गार करायचं, यावर माझं मत पक्कं आहे. 37 पर्यंत, 34 पर्यंत नाही. लेप्टोत प्लेटलेट आधीच कमी असतात, थंडीनं रक्त गोठण्याची क्रिया आणखी मंदावते, आणि इथे तर फुप्फुसातूनच रक्त येतंय. शिवाय थंडीनं हिमोग्लोबिन प्राणवायू घट्ट धरून ठेवतं. बायकार्बोनेटनं पीएच भराभर चढवला तरी तेच होतं. दोन्ही उपाय एकदम जोरात केले, तर कागद सुधारतो आणि पेशी उपाशी राहतात.

सोडाबायकार्बबद्दल माझ्या मनात अढी नाही. 2018 साली फ्रान्समधल्या मोठ्या अभ्यासात, पीएच 7.20 किंवा त्याखाली असलेल्यांत, त्यानं डायलिसिसची गरज कमी केली आणि मूत्रपिंड बरंच बिघडलेल्यांना फायदा दिसला. पण कार्बन डायऑक्साइड साठलेले रुग्ण त्यात घेतलेच नव्हते. म्हणून माझा क्रम असा: ताप उतरवायचा, व्हेंटिलेटरची गती वाढवून पाहायची, पुन्हा एबीजी. कार्बन डायऑक्साइड खाली येतोय आणि बायकार्बोनेट मात्र अजून तेवढंच कमी आहे, असं दिसलं तर सोडाबायकार्ब हळूहळू ड्रिपमधून, कॅल्शियम-पोटॅशियमवर नजर ठेवून. आणि तेवढ्यात डायलिसिसची तयारी, कारण बिघडलेल्या मूत्रपिंडाचं काम शेवटी तेच करतं. स्नायूंचं औषध थांबवण्याआधी ताप पुन्हा मोजायचा. तो चढत असेल तर औषध आणखी काही तास चालू राहतं.