नजाशीच्या गावी

इथिओपियाच्या उत्तरेला तिगराई प्रांत आहे. त्याची राजधानी मेकेले. तिथून अडिग्राटकडे जाणाऱ्या डोंगरी रस्त्यावर वुक्रो मागे टाकले की थोड्याच अंतरावर नेगाश लागते. गाव लहानसे, पण तिथली मशीद आणि मजार साऱ्या देशातल्या मुसलमानांना माहीत. नजाशी बादशाह इथे विसावले आहेत, काही सहाबांच्या कबरीही इथेच आहेत, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. दरवर्षी आशुऱ्याला दूरदूरून जायरीन येतात. मलिक अंबर ज्या हबश मुलखातला, आपला 'हबशी' हा शब्द ज्या नावावरून आला, तोच हा देश.

हबशच्या हिजरतीचा किस्सा आपल्या घरांत मुलांना सांगितला जातो. मक्केतला छळ असह्य झाला तेव्हा, इ.स. ६१५ च्या सुमारास, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सहाबांना समुद्रापलीकडे या ख्रिस्ती राजाकडे जायला सांगितले. मागोमाग कुरैशचे दोन वकील चामड्याचे नजराणे घेऊन आले. त्यांनी आधी दरबाऱ्यांना खूश केले. दरबारी म्हणाले, या लोकांना यांच्या हवाली करावे. नजाशीने मात्र आधी त्या लोकांचे म्हणणे ऐकायचे ठरवले. हजरत जाफर (रजि.) यांनी सूरह मरियम पढली, राजा रडला, हे आपण आवर्जून सांगतो. पण राजाने अश्रूंच्या आधी सुनावणी दिली होती, इकडे आपले लक्ष कमी जाते. शेवटी वकिलांचे नजराणेही परत गेले.

आजचा निर्वासितांचा कायदा याच दोन गोष्टींवर उभा आहे. १९५१ च्या जिनिव्हा कराराचे कलम ३३ सांगते की ज्याच्या जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे त्याला त्या धोक्याकडे परत ढकलायचे नाही. आणि धोका आहे की नाही हे त्याचे ऐकल्याशिवाय कसे कळणार? पुढे सप्टेंबर १९६९ मध्ये आफ्रिकी देशांनी आपला वेगळा करार केला, तोही इथिओपियाच्याच राजधानीत, अदिस अबाबात. परकीय आक्रमण आणि देशातली गंभीर अशांतता यांमुळे पळालेल्यांनाही त्यात निर्वासित मानले. आसरा देणे म्हणजे शेजारी देशाशी वैर नव्हे, असेही त्यात स्पष्ट लिहिले. कुरैशच्या वकिलांना हेच तर मान्य नव्हते! त्याच वर्षी इथिओपियाने जिनिव्हा करारही स्वीकारला. आपल्या भारताने तो आजवर स्वीकारलेला नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये तिगराईत युद्ध पेटले. गोळे नेगाशवरही पडले. तुर्कस्तानच्या मदतीने काही वर्षांपूर्वीच दुरुस्त केलेल्या मशिदीचा मिनार आणि घुमट फुटला, मजारीचेही नुकसान झाले. त्याची छायाचित्रे जगभर गेली. त्याच तिगराईत वायव्येकडे शिमेल्बा आणि हित्सात्स या दोन छावण्या होत्या. त्यांची छायाचित्रे फारशी कुणी पाहिली नाहीत. एरिट्रियात लष्करी सेवेला मुदत नाही, तरुणपण त्यातच सरते. म्हणून सरहद्द ओलांडून आलेली माणसे तिथे राहत होती. युद्धात एरिट्रियाचे सैन्य तिगराईत शिरले. ज्याच्यापासून पळालो तोच दारात! डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांचे निर्वासित उच्चायुक्त फिलिप्पो ग्रांदी यांनी जाहीर सांगितले की निर्वासितांना मारल्याच्या, पळवून नेल्याच्या आणि बळजबरीने एरिट्रियात परत पाठवल्याच्या अनेक बातम्या येत आहेत. मार्च २०२१ मध्ये त्यांच्या संस्थेची माणसे तिथवर पोहोचली, तेव्हा दोन्ही छावण्या उद्ध्वस्त होत्या. ज्या देशाने दोन्ही करार मान्य केले होते, तिथे हे घडले. नजाशीचे नाव आज घेताना मला ही छावण्यांची गोष्ट बाजूला ठेवता येत नाही.

खुद्द तिगराईची साठ हजारांहून अधिक माणसे त्या युद्धात सुदानमध्ये गेली. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रिटोरियात समझोता झाला, बंदुका बऱ्याचशा थांबल्या. पाच महिन्यांनी सुदानच युद्धात सापडले. मग मेतेमाच्या नाक्यावर लोंढा उलट्या दिशेने येऊ लागला. आता सुदानी माणसे इथिओपियात आसरा मागत होती.