दोन गोळ्यांच्या मधले दिवस

२२ जुलै २०२४, सोमवार
साताऱ्याला डॉक्टर मॅडमकडे. बीपी १५०/१००. मागच्या खेपेलाही वरच होतं. मॅडम म्हणाल्या, व्हेन्लाफॅक्सिनने काही जणांचं बीपी चढतं, डोस मोठा असला की जास्त. बदलायची. १५० वरून ७५, मग ३७.५, मग बंद. मध्येच सर्ट्रालीन सुरू, २५ पासून.

याच गोळीने मला अंथरुणातून उठवलं होतं. अंघोळ करायला लागलो, पोरीच्या शाळेत जायला लागलो. तिला हात लावायचा म्हणजे धास्ती वाटते.

कधी काय घ्यायचं ते मॅडमनी कागदावर लिहून दिलंय. हिने तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. बाहेरून नको म्हटलं, आल्यागेल्याला दिसतो.

वही ठेवायला सांगितलंय. तारीख, वेळ, काय झालं. एवढंच.

२३ जुलै
७५ सुरू. कॅप्सूल कानाशी धरून हलवली. आतले दाणे वाजतात, राजगिऱ्याएवढे. दिवसभरात हळूहळू औषध सोडतात. म्हणून चावायची नाही, फोडायची नाही.

२४ जुलै
दुसरी पाळी. काही नाही.

२५ जुलै, गुरुवार
पाऊस थांबेना. संध्याकाळी पाचच्या सुमारास लाईनवर पहिला झटका.

मी तपासणीला असतो. बाटल्या पट्ट्यावरून डावीकडून उजवीकडे जातात. झाकण, लेबल, पातळी. डोळे बाटलीबरोबर उजवीकडे गेले की डोकं क्षणभर मागे राहतं. मग कवटीत चर्र. दुखत नाही. पण तेवढ्यात पुढची बाटली गेलेली असते.

मान वळवून बघितलं, डोळे स्थिर ठेवून. तसं कमी येतं.

२७ जुलै
स्वप्नं. अण्णा फवारणीचा पंप मागत होते. पंप कुठे ठेवलाय ते मला आठवेना. जाग आली तर बनियन ओलंचिंब. अण्णांना जाऊन इतकी वर्षं झाली. आवाज मात्र अगदी तोच.

२९ जुलै
पहिली पाळी. दुसऱ्या पाळीत कॅप्सूल दहाला घ्यायचो, आता सहाला. दवाखान्यात फोन केला. निरोप आला: पाळी कुठलीही असो, वेळ एकच ठेवा. सकाळी सहा. तिसरी पाळी करून आलो तरी सहाच.

मोटारसायकलची चावी हिच्याकडे दिली. कंपनीच्या बसने जातो.

३१ जुलै
पोरीच्या हातून तांब्या पडला. त्या आवाजाने सगळं अंग तडतडलं. बाहेर जाऊन पावसात उभा राहिलो. ती दारात येऊन म्हणाली, "पप्पा, छत्री."

२ ऑगस्ट, शुक्रवार
आई मांढरदेवला जाऊन आली. एवढ्या पावसात, गुडघे दुखत असताना. काळूबाईचा अंगारा लावला. मी लावून घेतला. तिचा हात कपाळावर बरा वाटतो.

मग म्हणाली, "गोळ्यांनीच डोकं फिरतंय तर सोड की रं त्या."

एकदम सोडल्या तर याहून वाईट होतं, म्हटलं. मॅडमनी बजावलंय. ती गप्प राहिली. थोड्या वेळाने तिच्या वडिलांचं सांगू लागली. त्यांना छातीचा रोग होता, मिरजेला वानलेसवाडीच्या सॅनेटोरियममध्ये होते. ती लहान होती. तिथे सांगायचे, बरं वाटायला लागलं म्हणून औषध मध्येच सोडलं तर रोग उलटतो. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचं तसंच झालं.

"मंग नगं सोडू," म्हणाली. स्वतःच विचारलं होतं, स्वतःच उत्तर दिलं.

५ ऑगस्ट, सोमवार
एसटीने साताऱ्याला. खंबाटकी घाटात प्रत्येक वळणाला झटका. डोळे मिटले तर मळमळ, उघडले तर चर्र. खिडकीच्या गजावर नजर लावून बसलो. बसमध्ये सगळे वीर धरणाच्या पाण्याचं बोलत होते, नीरेत किती सोडलं याचं.

मॅडमनी वही वाचली. सावकाश, पानं उलटून. मग विचारलं, "पहिल्यांदा आजारी पडलात तेव्हा यातलं काय काय होतं?"

विचार केला. झटके नव्हते. घाम नव्हता. ही असली स्वप्नंही नव्हती. तेव्हा काहीच नव्हतं, तीच तर अडचण होती. जेवण दिसायचं, भूक नाही. पोरगी बोलायची, ऐकू यायचं, आत पोचायचं नाही. तेही एका दिवसात आलं नव्हतं. पावसाळाभर साचत गेलं होतं.

मॅडम म्हणाल्या, "ते वेगळं, हे वेगळं. वहीत दोन रकाने करा."

व्हेन्लाफॅक्सिन रक्तातून झपाट्याने उतरतं. पाच-एक तासांत निम्मं. शरीरात त्याचं जे रूप तयार होतं ते थोडं जास्त टिकतं, अकरा-एक तास. त्यामुळे डोस उतरवला की अंगाला लगेच कळतं. नवी गोळी मात्र मनावर काम करायला दोन ते चार आठवडे घेते, कधी त्याहून जास्त. एक लवकर जाते, दुसरी उशिरा येते. मधलं मला काढायचंय.

उद्यापासून ३७.५ आणि सर्ट्रालीन २५. ताप, थरथर, स्नायू ताठ होणं, बोलणं असंबद्ध होणं, यातलं काही एकत्र दिसलं तर थेट हॉस्पिटल. दोन्ही गोळ्या एका वेळी चालू असताना हे बघायचं. खोकल्याचं औषध, दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय नाही.

हिला आत बोलावून वेगळं सांगितलं. १४४१६ हा नंबर दिला, टेलिमानसचा. सरकारी आहे, रात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत.

निघताना आईच्या वडिलांचं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, या औषधांची सुरुवातही क्षयाच्या वॉर्डातलीच. १९५२ च्या सुमाराला न्यूयॉर्कमधल्या एका क्षय रुग्णालयात आयप्रोनियाझिड देऊन बघत होते. खाटेला खिळलेली माणसं उत्साहात आली, जेवू लागली. त्यावरून पुढे मनाच्या आजाराला ते वापरलं गेलं.

येताना बोगदा. सरळ, झटका नाही. पुढच्या वळणावर एक.

आईला ते न्यूयॉर्कचं सांगितलं. तिने दोनदा सांगायला लावलं.

६ ऑगस्ट
३७.५ साताऱ्यात मिळाली नव्हती. इथे शिरवळमध्येही नाही. ७५ ची पट्टी काल संपली, दुकानात तीही नाही. माल उद्या. मेव्हणा पुण्याहून निघतो म्हणालाय.

६.०० – फक्त सर्ट्रालीन.
११.०० – ठीक.
२.०० – चालताना जमीन हलते. पहिली पाळी मध्येच टाकून घरी.
५.०० – डोळा हलला की झटका. ओठांपर्यंत मुंग्या.
७.०० – उलटी. रडू. कशाचं ते कळत नाही.
९.४० – मेव्हणा आला, भिजून. घेतली.

७ ऑगस्ट
६.०० – घेतली. उभं राहता येतं.
१२.०० – झटके अधूनमधून. चहा प्यालो, पोटात राहिला.

कालचं पान पुन्हा वाचलं. कॅप्सूल चुकली, दुपारी सुरू झालं. घेतली, सकाळी उतरलं. माझा जुना आजार असा घड्याळ बघून येत नव्हता. काल रात्री हे कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. माझ्याच अक्षरात आहे म्हणून पटतं.

९ ऑगस्ट, नागपंचमी
सर्ट्रालीनने पोट बिघडलं. हिने पुरणाचे दिंड केले होते. एक घेतला, निम्मा ठेवला. ती काही बोलली नाही, तूप परत डब्यात ओतलं.

११ ऑगस्ट, रविवार. रात्री
वाईट विचार आला. आपण नसलो तर बरं, असा. आला आणि थांबला. जाईना.

हिला उठवलं. सांगितलं. दिवा लावून बसलो दोघं. हिने १४४१६ लावला. पलीकडे एक बाई होत्या, मराठीत बोलल्या. घाई केली नाही. आत्ता सोबत कोण आहे, गोळ्या कुठे ठेवल्यात, हे विचारलं. गोळ्यांचा डबा हिने आईच्या खोलीत नेला. बाई बोलत राहिल्या. मला शेवटी जांभई आली.

१२ ऑगस्ट
सकाळी मॅडमना फोन. तातडीने बोलावलं. ही सोबत.

औषध बदलताना पहिले काही आठवडे हे होऊ शकतं. म्हणूनच हिला आधी सांगून ठेवलं होतं. तुम्ही उठवलंत, हेच करायचं असतं, म्हणाल्या. सर्ट्रालीन तशीच. झोपेसाठी थोड्या दिवसांची वेगळी गोळी, तीही हिच्या ताब्यात. रोज संध्याकाळी दवाखान्यात फोन करायचा.

दोन रकान्यांपैकी हे कुठल्यात लिहू, विचारलं. "कुठल्यातही नको. हे मला सांगायचं."

१४ ऑगस्ट
झोप लागली.

१५ ऑगस्ट
पोरीच्या शाळेत झेंडावंदन. उन्हात उभं राहवेना, भिंतीला टेकून ऐकलं. येताना चौकात व्हेटर्नरी कॉलेजची पोरं चहा पीत उभी होती. मोठ्याने हसत होती. त्रास झाला नाही आवाजाचा.

१८ ऑगस्ट
सर्दी, खोकला. शेजारच्यांनी त्यांच्याकडची खोकल्याची बाटली दिली. हिने लेबल चष्मा लावून वाचलं. डेक्स्ट्रोमेथॉर्फन. मॅडमच्या कागदावर तेच नाव, खाली दोन रेघा मारलेलं. बाटली परत. हळदीचं दूध, मिठाच्या गुळण्या.

सातवी शिकलेली बाई ते नाव अक्षर लावून वाचते आणि जुळवून बघते. मला तिचा किती आधार आहे हे मी तिला नीट कधी सांगत नाही.

२० ऑगस्ट
३७.५ ची शेवटची. सर्ट्रालीन ५०.

२२ ऑगस्ट
चर्र, चर्र, चर्र.

२३ ऑगस्ट
सुपरवायझरकडे गेलो. लाईनवर नको म्हटलं, नजर फिरते, खराब माल पुढे जाईल. गोळी बदललीय. कसली, ते सांगितलं. पहिल्यांदाच कंपनीत कुणाला सांगितलं. ते रजिस्टर बघत राहिले. मग म्हणाले, "सोमवारपासून स्टोअरला बसा. नोंदी करा. बरं वाटलं की सांगा."

जेवणाच्या सुट्टीत एक जण म्हणाला, "काय, येड्याच्या गोळ्या काय?" उत्तर दिलं नाही. डबा संपवला. तसं म्हणणाऱ्याला काय सांगायचं ते अजून माझ्याकडे नाही. असायला हवं.

२५ ऑगस्ट
आज कमी. स्वप्न आहे, पण कुणी काही मागत नाही.

२७ ऑगस्ट
हिने मोबाईलवर 'कासव' लावला. सुमित्रा भावे, सुनील सुकथनकरांचा. २०१७ ला सुवर्णकमळ मिळालं होतं त्याला. निराशेने पार खचलेला पोरगा, आणि त्याला समुद्राकाठच्या घरी घेऊन जाणारी बाई. ती त्याला तू असा का म्हणून विचारत नाही. खायला देते, झोपू देते. आई शेवटपर्यंत बसली. म्हणाली, "त्याला कुणी रागं भरलं न्हाई, म्हून उठला."

३१ ऑगस्ट
स्टोअरमध्ये पंखा आणि मी. नोंदी चुकल्या नाहीत. दुपारपर्यंत एकही झटका नाही. चारला एक, हलका.

३ सप्टेंबर
नीरेच्या काठाने चालत सुभानमंगळपर्यंत. भुईकोट किल्ला होता इथे, शिवाजी महाराजांच्या अगदी सुरुवातीच्या लढायांतला. आता फार थोडं उरलंय. चिखल खूप. परतताना दम लागला. हा दम चालण्याचा होता. कितीतरी दिवसांनी अंगाला एखाद्या गोष्टीचं साधं कारण सापडलं.

७ सप्टेंबर, शनिवार
गणपती आणले. ढोल गल्लीच्या टोकाला वाजले तेव्हा कानावर हात गेले, मग काढले. आरतीला टाळ मी घेतला. ताल सोडला नाही.

११ सप्टेंबर
गौरीजेवण. पुरणपोळी दोन. कटाची आमटी वाटीने प्यालो. आमटीत खोबरं जास्त झालं, म्हटलं. ही आईकडे बघून हसली. चवीत खोट काढली म्हणून.

संध्याकाळी सहानंतर मात्र अजून रिकामं वाटतं. पाहुणे बसलेले, मी मागच्या दारी. झटके नाहीत, घाम नाही. हे दुसऱ्या रकान्यातलं, जुन्या आजाराच्या. तिथेच लिहिलं.

१४ सप्टेंबर
आजही सहानंतर. सातपर्यंत टिकलं. पोरीने भूमितीचं प्रमेय विचारायला बसवलं. मला येत नव्हतं, तिने मला समजावलं.

१९ सप्टेंबर, गुरुवार
बीपी १२८/८४. मॅडमनी दोनदा मोजलं.

झटके संपल्यात जमा. सहानंतरचं सांगितलं. लपवलं नाही, वहीतच होतं. ५० वर अजून थोडे दिवस बघू, नाही उतरलं तर ७५ चा विचार, म्हणाल्या. त्यासोबत समुपदेशन सुरू करायचं, पंधरा दिवसांतून एकदा, साताऱ्यातच. पाळी बघून दिवस ठरवायचा. एकदम काही थांबवायचं नाही, चांगलं वाटलं तरी.

सुपरवायझरना फोन केला. सोमवारपासून लाईन, पहिली पाळी. मोटारसायकलची चावी हिने अजून दिली नाही. म्हणते, आठवडाभर बसने जा, मग बघू.

खालच्या दुकानातून पूर्ण महिन्याच्या गोळ्या घेतल्या, वर चार दिवसांच्या जास्तीच्या. पुढची तारीख १७ ऑक्टोबर.