दगडावरचा शब्द

नगर, रविवार दुपार

प्रिय सुधीर,

बाबांच्या कबरीवरच्या दगडाचा फोटो पाठवला, त्यावर तुझं एवढंच उत्तर आलं : "निद्रिस्त कशाला? मेले ते. सरळ तसं लिहायचं." मला राग नाही आला. मातीला तुला पोचता आलं नाही, ते सगळं त्या एका शब्दावर निघालं, एवढं कळतं मला.

पण शब्द माझ्या हट्टाने कोरला गेला, तेव्हा उत्तरही मीच द्यायला हवं. 'सिमेटरी' हा शब्द मुळात ग्रीक, अर्थ निजायची जागा. पहिल्या ख्रिस्ती लोकांनी तो आपल्या दफनाच्या जागेला लावला. नुसता समजूत घालणारा गोड शब्द असता, तर मीही कोरू दिला नसता. योहानाच्या शुभवर्तमानाचा ११वा अध्याय काढ. लाजर निजलाय, असं येशू म्हणतो. शिष्यांना वाटतं, झोप लागली म्हणजे उतार पडेल. मग त्याला उघड सांगावं लागतं, की लाजर मेला. म्हणजे तुझा शब्दही तिथे आहे आणि माझाही. कबरीवरची धोंड काढा म्हटल्यावर मार्थाला आधी वासाची काळजी. चार दिवस झाले होते ना! आपली आई असती तर तिनेही हेच म्हटलं असतं.

आणि आता लाजर बाहेर येणार हे ठाऊक असूनही येशू रडतो. त्याच्या त्या वेळच्या अस्वस्थतेसाठी जो ग्रीक शब्द आहे, तो घोड्याच्या फुरफुरण्यालाही वापरत. दुःखाबरोबर संतापही आहे त्यात. मातीच्या दिवशी मामांनी मला बजावलं, "रडू नकोस, पौल काय सांगतो? आपल्याला आशा आहे." मामांनी पौल अर्धाच वाचलाय. साधारण इ.स. ५०च्या सुमारास त्याने थेस्सलनीकाच्या मंडळीला पत्र लिहिलं. त्या लोकांना घोर लागला होता, की प्रभू परत येण्याआधीच जे गेले, त्यांचं काय? आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, असं त्याने कळवलं. शोकच करू नका, असं नव्हे. करिंथकरांना लिहिताना तर तो मृत्यूला शेवटचा शत्रू म्हणतो. शत्रूने घरात शिरून माणूस नेला, तर रडायचंही नाही?

त्याच करिंथकरांच्या पत्रात बियाण्याचा दाखला आहे. बाबा ज्वारीचं बी राखेत घोळून ठेवायचे, आठवतं? पेरतो तो दाणा, उगवतं ते ताट. दिसायला वेगळं, पण जात तीच. आत्मा पिंजऱ्यातून उडाला आणि सुटला, एवढ्यावर आपली आशा थांबत नाही. रविवारी विश्वासांगीकारात आपण शरीराच्या पुनरुत्थानाचं म्हणतो. म्हणजे बाबांचा तो वाकडा अंगठासुद्धा! तो सरळ होऊन येईल का, हे मला विचारू नकोस. उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या, म्हणून वाकडाच येईल, असं मला आपलं वाटतं.

तोवर बाबा कुठे आहेत, यावर मंडळ्यांचं एकमत नाही. शेजारच्या कॅथलिक काकू २ नोव्हेंबरला मृतांसाठी मिस्सा अर्पण करतात, आपल्याकडे मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत. या वर्षी त्यांनी बाबांचंही नाव घालते म्हटलं. मी नको म्हटलं नाही. मामांना सांगू नकोस.

फोटोत दिसलं नसेल, पण कारागिराने 'निद्रिस्त'मधली वेलांटी दीर्घ कोरली आहे. चाळीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाच्या दगडावर! बाबांनी लाल शाईने गोल केला असता. दुरुस्तीला तो पुढच्या आठवड्यात येतो म्हणतोय. तू डिसेंबरात येईपर्यंत थांब, असं त्याला सांगितलंय.

तुझी
ताई