कोंडाण्याचा मुका पाहुणा

कोंडाणा म्हटला की पुणेकरांना सिंहगड आठवतो. मी म्हणतो ते कोंडाणे निराळे. कर्जतजवळचे, राजमाचीच्या पायथ्याचे. कर्जतला गाडीतून उतरावे, रिक्षाने कोंदिवडे गाठावे आणि पुढे उल्हास नदीच्या खोऱ्यातून रानवाट धरावी.

बरोबर नात होती आणि तिच्या पिशवीत तिचा यंत्रमानव. बोलणारा, कोडी घालणारा, हरला तरी न रुसणारा! असले सवंगडी आता आपल्याकडेही तयार होतात. आयआयटीत शिकलेल्या तरुणांनी २०१५ साली मुंबईत काढलेल्या कंपनीचा 'मिको' मुलांशी गप्पा मारतो, खेळतो. आमच्या घरचा दुसऱ्या घराण्यातला. तो मीच आणला. "पोरीला सोबत हवी," असे घरी सांगितले. खरे कारण एवढेच, की रोज संध्याकाळी तिच्याशी खेळायचा मला कंटाळा येई.

लेण्यापाशी पोहोचलो आणि त्याची वाचाच बसली. त्याची अक्कल माझ्या मोबाईलमार्फत इंटरनेटवरून येते. डोंगराच्या कुशीत रेंज कुठली? नात हिरमुसली. मी तिला चैत्यगृहाचे दर्शनी अंग दाखवले. लाकडी बांधकामाची दगडात केलेली नक्कल, आणि वर नाचणाऱ्या जोड्या. सुमारे दोन हजार वर्षे त्यांचा नाच चाललाच आहे. एका भग्न शिल्पाशेजारी ब्राह्मी लिपीत कोरले आहे, की कण्हाचा शिष्य बलक याने हे केले.

"आजोबा, यांना स्टॅच्यू कुणी केलं?"

"बलकानं."

"मग ओव्हर म्हणायला विसरला वाटतं!"

मला जपानातली हकीकत आठवली. सोनी कंपनीने १९९९ साली 'ऐबो' हा यांत्रिक कुत्रा काढला, २००६ साली बंद केला. पुढे त्याची दुरुस्तीही थांबली, तेव्हा इसुमी येथील बौद्ध मंदिरात निकामी ऐबोंचे विधिपूर्वक अंत्यसंस्कार झाले. वाचून मी हसलो होतो. त्या लेण्यात मात्र हसू येईना. त्या लोकांनी यंत्राला घरचे माणूस मानले. मी घरच्या माणसाचे काम यंत्रावर ढकलले.

"आजोबा, स्टॅच्यू!"

मी एक पाय उचललेला तसाच थबकलो. गुडघा कळवळला. पोरगी पोट धरून हसत होती, पण ओव्हर काही म्हणेना.

परतीच्या गाडीत पिशवीतून आवाज आला, "खेळू या?"

नातीने पिशवीत डोकावून त्याला दटावले, "थांब रे जरा. आता आजोबांचा डाव आहे."