सोळा मिनिटांचे अंतर

गेल्या पावसाळ्यात आम्ही आमच्या आक्कांकडे अणशीस मुक्कामाला होतो. एके दिवशी पहाटे पडवीत पाय घसरून आक्का पडल्या. पाय हलेना; खुब्याचे हाड मोडले असावे, हे आम्हांस तेव्हाच कळून चुकले. अणशी हे घाटमाथ्यावरचे, काळी व्याघ्रप्रकल्पाच्या रानातले गाव. शस्त्रक्रिया करावयाची तर घाट उतरून कद्रा-कारवारवरून गोवा गाठावा, नाहीतर दांडेली-धारवाडवरून हुबळी.

थोरला भाचा मुंबईस असतो. धाकट्याने घरामागच्या टेकाडावर चढून त्यास फोन लावला. खाली तो लागत नाही. थोरल्याने यंत्रात पाहून उत्तर दिले, "मामा, आईला कुठेही न्या. दाबोळी आणि हुबळी हे दोन विमानतळ एकमेकांपासून अवघे १३५ किलोमीटर आहेत. विमानाला सोळा मिनिटे! गोव्याला विमाने पुष्कळ, मी तिथेच उतरतो."

हिशेब खोटा नव्हता, हे आम्ही मागाहून कागदावर करून पाहिले. ताशी ५०० किलोमीटर वेगाचे लहान पंख्यांचे विमान तेवढे अंतर सोळा मिनिटांत कापते. परंतु ते यंत्र पृथ्वीच्या पाठीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळात जवळची रेघ ओढते व तिला वेगाने भागते, एवढेच. विमान धावपट्टीपर्यंत रांगत जाते, उंची घेते, पुन्हा उतरण्यासाठी वळसा घालते, हे त्यात धरलेले नसते. आधी तास-दीड तास विमानतळावर बसावे लागते, ते तर नाहीच नाही. आणि मुख्य म्हणजे, त्या रेघेवर आज विमान आहे की नाही, हे ती रेघ सांगत नाही. ती कॅसलरॉकच्या जवळून जाते. त्याच डोंगरातून १८८८ साली लोहमार्ग गोव्यात उतरविला, तेव्हा सदतीस फुटांमागे एक फूट असा उतार द्यावा लागला होता. अणशी तर त्या रेघेच्या दक्षिणेस चाळीस किलोमीटर, दोहोंच्या मधोमध आणि दोहोंपासून दूर!

इकडे गोवा की हुबळी या खलात आमचे दोन तास गेले. दोष आमचाच, वडीलधारे म्हणून निर्णय आम्ही करावयाचा होता. अखेर घाटात दरड येईल या भीतीने हुबळीचा रस्ता धरला. सव्वाशेच्या आसपास किलोमीटर. प्रत्येक खड्ड्यात आक्का ओठ आवळीत. बातमी मुंबईस पोहोचली तेव्हा भाचा विमानात बसला होता.

सायंकाळी तो दाबोळीस उतरला. हुबळीस थेट विमान त्या दिवशी नव्हतेच. बंगळूरमार्गे जावे तर उद्या. त्याने भाड्याची मोटार केली आणि पावसात अनमोडचा घाट चढला.

शस्त्रक्रिया सकाळी आठ वाजता ठरली होती. आक्का रात्रभर दाराकडे डोळे लावून होत्या. "आला का रे?" दर तासाला एकच प्रश्न. आम्ही सांगत होतो, "येतोच आहे." अडीचच्या सुमारास तो भिजलेल्या कपड्यांनी आत आला आणि खाटेशी उभा राहिला.

आक्कांनी त्याचा हात धरला. म्हणाल्या, "विमानाला उशीर झाला वाटतं?"

"नाही आई," तो म्हणाला, "विमान पाच मिनिटे आधीच उतरलं."